‘जरा स्टेशनला येऊन जा’ म्हटलं तर काय करायचं?

मागच्या अंकात शेतरस्त्याच्या भांडणावर लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक पोलिस स्टेशनची. बांधावर सुरू झालेलं शेवटी कुठं जातं ते कळलंच. त्यामुळे या वेळी सगळे प्रश्न अटकेचे. एक आधीच सांगून टाकतो, १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा गेला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस आली, पण स्टेशनात, कोर्टात आणि आमच्या बार रूममधेसुद्धा अजून जुनेच नंबर तोंडात बसलेत, म्हणून लागेल तिथं दोन्ही देतो. घटनेचं कलम २२ मात्र होतं तिथंच आहे.

प्रश्न : रात्री दहाच्या सुमाराला साध्या ड्रेसमधले तिघं आले, "साहेबांनी बोलावलंय, अर्ध्या तासात सोडतो" म्हणून धाकट्या भावाला गाडीत बसवून नेलं. गावात विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्यात त्याबद्दल म्हणे. सकाळी गेलो तर ठाणे अंमलदार म्हणतो असा कोणी इथं नाहीच, आणि भाऊ तर आतल्या खोलीत बसलेला मला खिडकीतून दिसला! तिसऱ्या दिवशी अटक दाखवली अन् कोर्टात नेलं. चोवीस तासाचा नियम असतो म्हणतात, मग हे कसं काय चालतं? गावातला एक पुढारी म्हणतो वीस हजार द्या, मिटवून टाकतो. (बीड जिल्हा, नाव छापू नये)

उत्तर : चालत नाही, चालवलं जातं. घटनेचं कलम २२ आणि बीएनएसएसचं ५८ (जुनं ५७) दोन्ही सांगतात की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळायचा. आणि हे चोवीस तास पोलिसांनी अटक ‘दाखवली’ तेव्हापासून मोजायचे नसतात. माणूस स्वतःच्या मर्जीनं उठून घरी जाऊ शकत नाही, तिथून घड्याळ सुरू. मुंबई हायकोर्टानं हे फार पूर्वीच सांगितलंय. चौकशीला बसवलंय, विचारपूस चालू आहे, साहेब यायचेत, यातलं काहीही सांगितलं तरी घड्याळ थांबत नाही.

अडचण वेगळीच आहे. कोर्टापुढे कागद जातो तो पोलिसांनी लिहिलेला आणि त्यावर वेळ असते ती त्यांनी टाकलेली. म्हणून घरच्यांचं पहिलं काम एकच, खरी वेळ पोलिसांच्या कागदाबाहेर कुठंतरी नोंदवून ठेवणं. पूर्वी वकील लोक यासाठी रात्रीच तार करायचे, एसपीला एक, मॅजिस्ट्रेटला एक, आणि तारेच्या पावतीवर शिक्का असायचा वेळेचा, तो मग कोर्टात नाकारता येत नव्हता. २०१३ मधे तार बंद झाली. आता ११२ ला फोन करा, तिथं कॉल नोंदला जातो. एसपी ऑफिसच्या मेलवर चार ओळी टाका, अमुक माणसाला अमुक वाजता अमुक गाडीतून नेलं, अजून सोडलेलं नाही, अटक केली असेल तर कळवा. आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन करून सरळ विचारा. कलम ३७ प्रमाणे (जुनं ४१-सी) अटक केलेल्यांची नावं-पत्ते तिथं असायलाच पाहिजेत आणि प्रत्येक ठाण्यात ही माहिती सांभाळायला एक नेमलेला अधिकारी असतो, एएसआयच्या खालचा चालत नाही. स्टेशनच्या दारात भांडत बसू नका. तिथल्या भांडणातून उलट तुमच्यावरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा पडतो, असं झालेलं मी पाहिलंय.

आता तुमच्या भावाचं. कोर्टात पहिल्यांदा उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट साधारण विचारतातच, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आणि दहातले नऊ पोरं मान हलवून "नाही" म्हणतात, कारण मागं तोच जमादार उभा असतो आणि पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी मिळाली तर परत त्याच्याच गाडीत बसायचंय. भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तो एक मिनिट फार महागाचा आहे. "मला परवा रात्री दहाला घरून आणलं, तेव्हापासून सोडलं नाही" एवढं एक वाक्य कोर्टात बोललं आणि लिहिलं गेलं की पुढं हायकोर्टापर्यंत उपयोगी पडतं. मारहाण झाली असेल तर तेही तिथंच सांगायचं. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी करावी लागते आणि त्या रिपोर्टची कॉपी आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

अजून दोन कागद बघा मिळालेत का. एक, अटकेचा मेमो. त्यावर घरातल्या माणसाची किंवा गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही पाहिजे आणि खाली भावाची सही (कलम ३६). हे नियम आकाशातून पडलेले नाहीत, पश्चिम बंगालमधल्या कोठडीतल्या मृत्यूंबद्दल डी. के. बसू यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं, त्यावर डिसेंबर १९९६ मधे जो निकाल आला त्यातून ते आले आणि नंतर कायद्यातच घातले गेले. नेमप्लेट दिसली पाहिजे हासुद्धा त्यातलाच, त्यामुळे साध्या ड्रेसमधे येऊन नाव न सांगता उचलून नेणं तिथंच चुकलं. दुसरा कागद म्हणजे अटकेची कारणं, लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत. सुप्रीम कोर्टानं ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमधे हे सगळ्याच गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलंय. तिथल्या तिथं लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पाहिजे. नाही दिला तर अटकही बेकायदा आणि रिमांडही बेकायदा. वकिलाला पहिल्या दिवशीच हे सांगा, महिन्यानं सांगून जोर कमी होतो.

आणि मुळात साध्या चोरीला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, माणूस नोटिशीप्रमाणे हजर होत असेल तर अटक करायची नाही, करायचीच असेल तर का ते लिहून ठेवायचं, असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा अर्नेश कुमारचा निकाल आहे. मॅजिस्ट्रेटनंसुद्धा ती कारणं न वाचता रिमांड द्यायचा नाही.

वीस हजाराचं म्हणाल तर, पुढाऱ्याला विचारा पावती देतो का. लोक म्हणतात वकिलापेक्षा स्वस्त पडतं. नाही पडत, कारण केस तशीच राहते. आणि वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असू द्या. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी धरलं, शनिवार-रविवार कोर्ट बंद, आता सोमवारीच नेऊ म्हणाले. बरोबर आहे का? (लातूर)

उत्तर : नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडचं काम बघायला मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात, वेळ पडली तर त्यांच्या घरीही हजर करतात. दिवाळी असली तरी चोवीस तास म्हणजे चोवीस तासच.

प्रश्न : मी ऊसतोडीचा मुकादम आहे. वाहनमालकाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळीला वाटली, पण ऐन टायमाला पाच कोयते (तोडणीच्या जोड्या) पळाले, दुसऱ्या कारखान्याला गेले. आता मालक म्हणतो सांगली साईडचे पोलिस आणून तुला उचलतो, चारसोबीसीत आत टाकतो. मागच्या सालाला आमच्याकडच्या एकाला तर पोलिसांनी नाही, मालकाच्याच माणसांनी कारखान्यावर नेऊन खोलीत डांबलं होतं. पैसे तर मी फेडतोच आहे थोडे थोडे. मला काहून भीती दाखवतेत? (धारूरकडचा मुकादम)

उत्तर : काका, भीती दाखवतात कारण भीतीनं वसुली लवकर होते. दिवाणी दाव्याला वर्षं लागतात, पोलिसांची गाडी दारात आली की म्हैस विकून माणूस पैसे देतो. आपल्याकडं दसऱ्यापासून ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत हेच चालतं.

कायद्याचं असं आहे. उचल घेतली आणि फेडता आली नाही एवढ्यानं फसवणूक होत नाही. फसवणुकीला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा सांगून झालंय. तुम्ही टोळी जमवली, बाकीचे कोयते गेले, काही पैसे परतही केले, म्हणजे इरादा तसा नव्हता हे तुमच्या वागण्यातून दिसतंय. पण ते कागदावर दिसू द्या. रोख देऊ नका, बँकेतून किंवा फोन-पे करून द्या, कोणत्या कोयत्याला किती वाटले त्या वहीचे फोटो काढून ठेवा, मालकाशी झालेले मेसेज डिलीट करू नका. आणि कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही करून बसला असाल तर तेही वकिलाला आधीच सांगा, नंतर कळलं की आम्हीही हतबल होतो.

तरी गुन्हा दाखल झालाच, तर जुनं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), त्याला शिक्षा सात वर्षांपर्यंत. सात म्हणजे पुन्हा तेच, आधी नोटीस. नोटीस आली तर लपू नका, हजर व्हा. लपलात की "सहकार्य करत नाही" असं लिहायला मोकळे आणि मग अटकेचं कारण तुम्हीच पुरवलं. भीती जास्तच वाटत असेल तर सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज कलम ४८२ खाली (जुनं ४३८). त्यासाठी तुमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात काय करता येईल आणि गुन्हा दाखल झालेल्या जिल्ह्यात काय, ते वकिलाशी बसून ठरवा. बाहेरच्या जिल्ह्याचे पोलिस आले तरी मेमो, लेखी कारणं, घरी कळवणं, काहीच माफ होत नाही. जवळचा मॅजिस्ट्रेट इथलाच असेल तर इथंच हजर करा असं आपण म्हणू शकतो, कायद्यात स्पष्ट आहे की त्या मॅजिस्ट्रेटला ती केस चालवायचा अधिकार असो वा नसो.

आता डांबण्याचं. कारखान्याच्या किंवा मालकाच्या माणसाला कोणालाही कोंडून ठेवायचा अधिकार नाही, एक रुपयाचं देणं असो की दहा लाखाचं. तो सरळ गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२७. एक वर्षापर्यंत शिक्षा, तीन दिवस किंवा जास्त कोंडलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त झाले तर पाच. घरच्यांनी तहसीलच्या ठिकाणी मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस कलम १०० (जुनं ९७) खाली अर्ज द्यायचा, कोर्ट सर्च वॉरंट काढून माणसाला सोडवून आणायला लावतं. याची माहिती वकिलांनासुद्धा कमी असते हे खेदानं सांगावं लागतं. आणि उचलीपोटी बळजबरीनं राबवून घेतात तिथं १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू शकतो, त्यात ते कर्जच रद्द होतं, तक्रार कलेक्टरकडे.

प्रश्न : सुनेनं तक्रार दिलीय. आईचं वय ६३. रात्री आठ वाजता फोन आला, सासूला घेऊन लगेच स्टेशनला या. बाईमाणसाला रात्री बोलवता येतं का? आणि साठीच्या वरच्यांना अटकच करत नाहीत असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. (परभणी)

उत्तर : सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची (कलम ४३). चौकशीसाठी बोलवायचं तर कलम १७९ प्रमाणे बाईला, साठच्या वरच्या पुरुषाला, पंधराच्या खालच्या मुलाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला राहत्या घराशिवाय दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. हे कलम तसं साक्षीदारांसाठी आहे, पण ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना आरोपी म्हणून स्टेशनला बोलावलं होतं तेव्हा १९७८ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्याही बाबतीत ते चुकीचं ठरवलं. तर फोनवर शांतपणे सांगा, आई घरीच आहे, सकाळी महिला पोलिस पाठवा, आम्ही सहकार्य करू. शक्य असेल तर हेच मेसेजनंही पाठवा.

व्हॉट्सअॅपवरचं अर्धवट आहे. कलम ३५(७) म्हणतं, साठच्या वरच्या किंवा अशक्त माणसाला अटक करायला डीवायएसपीची आधी परवानगी लागते, पण शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असलेल्या गुन्ह्यात. सासरच्या छळाचं जुनं ४९८-अ म्हणजे आता न्याय संहितेचं कलम ८५, त्याला तीन वर्षांपर्यंत, म्हणजे "तीनपेक्षा कमी" मधे ते बसत नाही. गंमत बघा, एका शब्दानं सासू या संरक्षणाच्या बाहेर पडली. पण घाबरू नका, वर सांगितलेला अर्नेश कुमारचा निकाल मुळात ४९८-अ च्याच केसमधला आहे, त्यामुळे आधी नोटीस, अटकेचं कारण लेखी, हे सगळं आईला लागू आहे. सुनेची तक्रार खरी की खोटी ते मला इथं बसून माहीत नाही, ते कोर्ट बघेल. तक्रार खरी असली तरी अटकेचे नियम तेच राहतात.

प्रश्न : मिरवणुकीत डीजेपुढं भांडण झालं, सतरा वर्षांच्या भाच्याला मोठ्या पोरांबरोबर रात्रभर लॉकअपमधे ठेवलं. (नांदेड जिल्हा)

उत्तर : अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमधे किंवा जेलमधे ठेवताच येत नाही, एक तासही नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, मुलाला बाल पोलिस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि चोवीस तासात बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. दहावीची सनद किंवा शाळेचा दाखला घेऊन ताबडतोब जा, टीसीची झेरॉक्स पोलिसांना द्या आणि दुसरीवर पोच घ्या. वय माहीत नव्हतं हे सांगायला मग त्यांना जागा राहत नाही.

प्रश्न : मंत्र्यांचा दौरा असला की आम्हा चार कार्यकर्त्यांना सकाळीच उचलतात, संध्याकाळी सोडतात. गुन्हा काही नाही. शिवाय माझ्यावर चॅप्टर केस टाकलीय. (जालना)

उत्तर : तुम्ही यात जुनेच दिसता. कलम १७० (जुनं १५१) खाली प्रतिबंधात्मक अटक करता येते, पण तुम्ही दखलपात्र गुन्हा करणार आहात अशी माहिती पाहिजे आणि तो दुसऱ्या कुठल्याही मार्गानं थांबवता येणार नाही अशी स्थिती पाहिजे. काळा झेंडा दाखवणार होते, निवेदन देणार होते, एवढं पुरत नाही. आणि चोवीस तासाच्या वर या कलमाखाली ठेवता येत नाही. बऱ्याचदा महाराष्ट्र पोलिस कायद्याचं ६८-६९ लावून ताब्यात घेतात आणि सोडतात. सुटताना कोणतं कलम होतं, किती वाजता घेतलं, किती वाजता सोडलं, याची स्टेशन डायरीची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा. दरवेळी मागा. कागद जमले की "दर दौऱ्याला" हे तुमचं म्हणणं नुसतं म्हणणं राहत नाही.

चॅप्टर म्हणजे जुनं १०७, आता १२६. ती शिक्षा नाही, तिथं कार्यकारी मॅजिस्ट्रेट म्हणून बहुतेक तहसीलदार बसतात आणि शांतता राखण्याचा बाँड मागतात. नोटिशीत तुमच्याविरुद्ध नेमकी काय माहिती आहे ते लिहिलेलं असलं पाहिजे. तारखेला जा, लेखी म्हणणं द्या. लोक तिथं कंटाळून बाँड लिहून देतात आणि मोकळे होतात, मला ते पटत नाही, पण रोजंदारी बुडवून सहा तारखा करणाऱ्याला मी तरी काय सांगणार.

प्रश्न : रिटायर मास्तर आहे. व्हिडिओ कॉलवर सीबीआयवाले म्हणाले तुम्ही डिजिटल अरेस्टमधे आहात, कॅमेरा बंद करू नका, खात्यातले पैसे तपासणीसाठी पाठवा. जावयानं कॉल कट केला. आता खरंच पोलिस येतील का? (उदगीर)

उत्तर : मास्तर, जावई हुशार आहे. डिजिटल अटक नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि खरी नोटीससुद्धा व्हॉट्सअॅपवर बजावलेली चालत नाही, कलम ३५ च्या नोटिशीबद्दल सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मधे पोलिसांना तसं बजावलंय.

प्रश्न : बेकायदा अटक झाली हे सिद्ध झालं तर नुकसानभरपाई मिळते का? किती? (हिंगोली)

उत्तर : दोन रस्ते आहेत. एक बीएनएसएस ३९९, कोणी खोटं सांगून तुम्हाला विनाकारण अटक करायला लावली तर मॅजिस्ट्रेट त्याच्याकडून भरपाई देऊ शकतात, जास्तीत जास्त एक हजार रुपये. हो, एक हजार. २०२३ मधे सगळा कायदा नव्यानं लिहिला तरी हा आकडा वाढवायचं कोणाला सुचलं नाही, हिंगोलीहून संभाजीनगरला वकिलाला भेटून यायचं म्हटलं तरी त्यात भागायचं नाही.

दुसरा रस्ता हायकोर्टाचा, घटनेचं कलम २२६, आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. माणूस अजून आतच असेल आणि सापडत नसेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, कोर्ट पोलिसांना सांगतं माणूस आणून उभा करा. सुटल्यावर भरपाई मागता येते. १९८५ मधे जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेत जाऊ नये म्हणून डांबलं होतं, सुप्रीम कोर्टानं पन्नास हजार द्यायला लावले. कोठडीतल्या मृत्यूत १९९३ च्या नीलाबती बेहरा केसमधे दीड लाख. आपल्याकडं परभणीत डिसेंबर २०२४ मधे न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्यात २०२५ च्या जुलैमधे याच खंडपीठानं गुन्हा दाखल करायला सांगितलं आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तरी तो आदेश टिकला. म्हणजे दार बंद नाही.

पण पुराव्याशिवाय काही नाही. स्टेशनातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवावं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष, असं सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात आहे. कॅमेरा बंद होता हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा, तरीही पहिल्याच आठवड्यात ठाण्याला आणि एसपींना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेपासूनचं फुटेज राखून ठेवा, आणि पोच घ्या. फुटेज आलं तर उत्तम, नाही आलं तर का नाही ते त्यांना शपथेवर सांगावं लागेल, आणि त्या शपथपत्रातच पुष्कळदा तुमचं काम होऊन जातं.